फोनवरची संमती

मी आयुष्यात चार हजारांच्या आसपास प्रयोग केले आणि त्यातल्या बहुतेकांत सुना छळल्या. त्यामुळे आमच्या नाटक मंडळीत लहानथोर सगळे मला सासूबाईच म्हणत. टाळ्या मला मिळाल्या, शिव्याशापही मलाच मिळाले. पण ती वाक्यं अडल्यावेळी जिनं मला पुरवली, तिला एकाही प्रेक्षकानं कधी पाहिलं नाही. उजव्या विंगेत, काळ्या पडद्याच्या घडीला लागून, एका बुटक्या स्टुलावर ती बसायची. मांडीवर नाटकाची वही, वहीवर कागद गुंडाळलेला मिणमिणता दिवा, हातात पेन. ती आमची प्रॉम्प्टर. नट अडखळला की पुढचा शब्द हळूच सांगायचा, हे तिचं काम. तिला आम्ही पुटपुट म्हणायचो.

काम ऐकायला सोपं वाटतं. पण शब्द लवकर दिला तर नट खवळतो आणि उशिरा दिला तर प्रेक्षक. पुटपुटला माझ्या श्वासावरून कळायचं, मी विसरलेय की नुसती थांबलेय. एकदा मी भर प्रवेशात थांबले आणि हिच्याकडून काहीच आलं नाही. पडदा पडल्यावर मी तिच्यावर धावून गेले.

"झोपली होतीस का गं?"

"तुम्ही विसरला नव्हतात, सासूबाई," ती शांतपणे म्हणाली. "टाळीसाठी थांबला होतात. ती आली नाही, त्याला मी काय करू?"

अशा बाईवर रागावून तरी किती वेळ राहणार?

तिची वही म्हणजे आमच्याकडचा शेवटचा शब्द. आमच्या लेखकाला सकाळी दात घासताना नवी वाक्यं सुचायची. मग तो फोन करायचा, "दुसऱ्या अंकातलं ते वाक्य काढ, हे घाल." पुटपुट जुन्या वाक्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता येतील अशी. वर बारीक अक्षरात नवं वाक्य. समासात लिहायची, 'लेखकाच्या सांगण्यावरून, फोनवर', तारीख आणि आपली अर्धी सही. पुढच्या प्रयोगाला लेखक आला की त्याखाली त्याची सही. नटानटांत जुंपली की कोणीतरी म्हणायचं, "वही काढा." वहीत आहे म्हणजे आहे, तिथे भांडण संपलं.

तिला आठ वर्षांची मुलगी होती. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. दोघांचं जमलं नाही, एवढंच. काडीमोड झाला तेव्हा न्यायालयानं मुलीचा ताबा आईकडे दिला. महिन्यातला पहिला आणि चौथा शनिवार-रविवार वडिलांचा. आणि हुकमात शेवटी एक कलम होतं: दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईनं किंवा वडिलांनी मुलीला राज्याबाहेर न्यायचं नाही.

ते कलम पुटपुटनं पाठ केलं होतं. सहा वर्षं मुलीला सोडून तिनं स्वतःही राज्याची हद्द ओलांडली नाही. बाहेरच्या दौऱ्याला आम्ही उसना प्रॉम्प्टर न्यायचो. तो तिसऱ्या अंकात घोरायचा.

त्या वर्षी उसना गृहस्थ दुसऱ्या मंडळीत गेला. मुलीला सांभाळणारी पुटपुटची आई पाय मोडून मुलाकडे पडून होती. मॅनेजर पुटपुटपुढे हात जोडून उभा राहिला. "शाळेला सुट्टी आहे. पोरीला घेऊन चल. माझी आई, नाही म्हणू नकोस."

"मी तुझी आई नाही," ती म्हणाली. "आणि तिच्या बापाला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही."

ती दुकानात गेली. तारखा तिनं मुद्दाम अशा धरल्या होत्या, की त्याचा एकही शनिवार बुडू नये: दहा ते बावीस. त्यानं कागद दोनदा वाचला, गावांची नावं तपासली आणि दोन प्रतींवर सही केली. एक तिला दिली, एक गल्ल्याच्या खणात ठेवली.

आणि आठ तारखेला बातमी आली की पहिल्याच गावच्या नाट्यगृहाच्या छताचा तुकडा खुर्च्यांवर कोसळला. नशीब, आत कोणी नव्हतं. दौरा लांबला. नव्या तारखा आम्हाला पंधराला कळल्या: सतरा ते एकोणतीस. त्या दुपारी आमचा प्रयोग होता. मी आरशापुढे बसून केसांना पांढरा रंग लावत होते आणि शेजारी पुटपुट फोनवर बोलत होती. तिनं दोन्ही तारखा सांगितल्या, पुन्हा सांगितल्या. पलीकडे बराच गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "बरं, ठेवते," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"चालेल म्हणाला."

मग तिनं पिशवीतून तो संमतीचा कागद काढला. दहावर एक सरळ रेघ, बावीसवर एक सरळ रेघ. वर बारीक अक्षरात सतरा आणि एकोणतीस. समासात लिहिलं, 'वडिलांच्या सांगण्यावरून, फोनवर', तारीख, अर्धी सही. मी हे सगळं पाहिलं आणि मला त्यात तसूभरही वावगं वाटलं नाही, हे आधीच कबूल करते. उलट वाटलं, काय नीटनेटकी बाई आहे!

"खाली त्याची सही घ्यायची राहिली," ती म्हणाली.

"उद्या घे."

"उद्या शुक्रवार. दुकान बंद. परवा पहाटे आपली गाडी." थोडा विचार करून तिनं कागदाची घडी घातली. "आल्यावर घेईन."

पहिली दोन गावं छान गेली. तिसऱ्या गावी रविवारी दुपारचा प्रयोग होता, पंचवीस तारीख. दुसऱ्या अंकात मी सुनेला घराबाहेर काढते, तो माझा हुकमी प्रवेश. सून पायाशी, मी बोट रोखून दाराकडे वळले, आणि दार उजव्या विंगेत असल्यामुळे मला विंगेतलं सगळं दिसलं. पुटपुटच्या मागे गणवेशातली दोन माणसं उभी होती. एक फौजदार आणि एक पोलीस बाई. भिंगरी नेहमीसारखी जुन्या पडद्याच्या घडीवर बसून चित्र रंगवत होती. पोलीस बाई वाकली आणि तिनं पोरीचा हात धरला. फौजदारानं पुटपुटच्या दिव्याखाली एक कागद धरला.

माझं वाक्य गेलं. आलंच नाही. चार हजार प्रयोगांत नाही इतकं गेलं. डोक्यात नुसता पांढरा उजेड.

पुटपुटनं कागदावरून नजर काढली, वहीवर टेकवली आणि नेहमीच्या सुरात मला शब्द दिला. "या घराचा उंबरा." मी तो उचलला आणि पुढे निघाले. तिचा आवाज तसूभर हलला नाही. प्रेक्षकांना कळलंसुद्धा नाही.

पडदा पडला तशी मी धावले. मॅनेजरनं मध्यंतर लांबवलं आणि आम्ही सगळे रंगपटाच्या खोलीत जमलो. झालं होतं ते असं. शनिवारी, म्हणजे आदल्या दिवशी, चष्मेवाला नेहमीप्रमाणे मुलीला न्यायला गेला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "अहो, बाई तर केव्हाच गेली. या एवढाल्या ट्रंका होत्या गाडीवर. ती आता कसली येतेय!" ट्रंका आमच्या कपड्यांच्या होत्या. पण त्याला काय ठाऊक? तो धावत दुकानात गेला, खणातली प्रत काढली. बावीस तारीख. आणि आज चोवीस. तो थेट पोलीस ठाण्यात.

फौजदार दाराशी कोणाशी तरी बोलत होता, तेवढ्यात आमच्या लोकांनी पुटपुटला घेरलं.

"मागच्या दाराशी गाडी लावतो," मॅनेजर कुजबुजला. "पोरीला घे आणि सूट. तीन तासांत आपल्या राज्यात. मग कोण विचारतंय?"

"पळायचं कशाला?" आमचा नायक म्हणाला. "सांग, त्यानंच बदलल्या तारखा. कोण बघायला आलं होतं?"

"तू आधी रड," मी म्हणाले. देवाशप्पथ, म्हणाले. "हुंदका असा पोटातून काढ, मी दाखवते."

जन्मभर जिनं आम्हाला शब्द दिले, तिला आम्ही एकेकजण खोटे शब्द देत होतो.

"सगळे एकदम बोलू नका," ती म्हणाली. "तुम्ही काय सांगताय ते मला ऐकू येतंय."

फौजदार आत आला. जाडजूड, डोळ्यांखाली काळं, रविवारची सुट्टी बुडालेला माणूस. भिंगरीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही नाटकातले की खरे?"

"खरे."

"म्हणजे तिसऱ्या अंकात नाही येणार?"

"ते तुझ्या आईवर आहे," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. पुटपुटचा कागद एका हातात, फोनवर आलेला वडिलांच्या प्रतीचा फोटो दुसऱ्या हातात. "हे कुणी खोडलं?"

"मी."

"आणि हे वरचं?"

"तेही मीच. माझं अक्षर आहे."

नायकानं कपाळावर हात मारला.

"सही झालेल्या कागदात फेरफार केलात तुम्ही. कळतंय का?"

"लपवायचं असतं, साहेब, तर खालचं वाचता येईल असं खोडलं असतं का? फोनवर विचारलं आणि तसं लिहिलं."

"ते म्हणतात, मी अशी परवानगी दिलेलीच नाही."

"त्याला विचारा. माझ्यासमोर."

फौजदारानं फोन लावला आणि टेबलावर ठेवला. चष्मेवाल्याचा आवाज फाटलेला होता. "सापडली का? भिंगरी कुठे आहे? साहेब, ती पोरीला कायमची घेऊन चाललीय!"

"मी इथे आहे, बाबा," भिंगरी म्हणाली. "मी घोडा रंगवतेय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पंधरा तारीख," पुटपुट म्हणाली. "दुपारी. दुकानात कोणीतरी काच तडकली म्हणून तुझ्याशी भांडत होतं. मी सांगितलं, सतरा ते एकोणतीस. दोनदा सांगितलं. तू काय म्हणालास?"

"भांडण झालं होतं खरं... बाई अंगावर येत होती माझ्या..."

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो असेन."

"असेन की म्हणालात?" फौजदारानं विचारलं.

रंगपटाच्या खोलीत आम्ही दहाजण टेबलावरच्या फोनकडे वाकलो. त्यानं एक 'नाही' म्हटलं असतं तर संपलं होतं. बनावट कागद करून पोर पळवली, हेच लागलं असतं तिच्या नावाला.

"चालेल म्हणालो," तो म्हणाला. "पण त्यात माझा शनिवार जातोय हे माझ्या डोक्यात आलं नाही. कुलूप बघितल्यावर आलं. आणि तू माझी सही का नाही घेतलीस?"

पुटपुट फौजदाराच्या हातातल्या कागदाकडे, सहीच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागली.

फौजदारानं फोन बंद केला. "हे बघा, बाई. हुकमात लेखी म्हटलंय. फोनवरचं हो चालत नाही, आणि एकानं दुसऱ्याच्या नावानं लिहिलेलं तर मुळीच नाही. उद्या दुपारपर्यंत मुलगी तुमच्या राज्यात, तुमच्या घरी हजर पाहिजे. पुढचं न्यायालय बघेल."

"एक तास द्या," ती म्हणाली. "तिसरा अंक राहिलाय."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं तास दिला आणि विंगेत तिच्या शेजारी खोक्यावर बसून अंक बघितला. संध्याकाळच्या बसनं मायलेकी गेल्या. पोलीस बाई हद्दीपर्यंत सोबत गेली. उरलेले प्रयोग आम्ही कसे केले ते विचारू नका. एका गावी तर मी सुनेला हाकलून द्यायच्या ऐवजी आत बोलावलं.

परत आल्यावर कळलं, चष्मेवाल्याच्या भावानं त्याला वकिलाकडे नेलं होतं. अर्ज दाखल झाला होता: मुलीचा ताबा वडिलांकडे द्यावा. आईचा धंदा भटका, आई कागदात खाडाखोड करते. तीन तारखेला, मंगळवारी, सुनावणी. मी साक्षीला. पुटपुट आठवडाभर जेवली की नाही कोण जाणे, तिच्या गळ्याची हाडं दिसत होती. तिच्या वकिलानं तिला पढवलं होतं, "म्हणायचं, मला कायदा कळत नाही, घाबरून झालं." ती "बरं" म्हणाली होती.

कौटुंबिक न्यायालयाची ती खोली आमच्या तालमीच्या खोलीपेक्षा लहान. भिंतीला हिरवट रंग, एक पंखा, एक मोठं टेबल. न्यायाधीश बाई साधारण माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. आधी मला विचारलं. मी उभी राहिले, छाती भरून घेतली आणि पंधरा तारखेच्या फोनचं वर्णन करायला लागले.

"हळू बोला," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "इथे शेवटची रांग नाही."

मग पुटपुट उठली. पढवलेलं एक अक्षर बोलली नाही. पिशवीतून नाटकाची वही काढली आणि टेबलावर ठेवली. तिचा वकील डोळे मिटून बसला.

"मी वीस वर्षं हे काम करते. बदल असाच करते. त्यामुळे इथेही हात तसाच गेला."

न्यायाधीश बाईंनी पानं उलटली. रेघा, वरची बारीक अक्षरं, समासातल्या तारखा. एका पानावर त्या थांबल्या. "ही खालची सही कुणाची?"

"लेखकाची."

"प्रत्येक बदलाखाली आहे?"

"हो."

"लेखकानं सही केली नाही, तर?"

पुटपुटला प्रश्न कुठे चाललाय ते कळलं. तिनं टेबलाची कड धरली.

"तर बदल धरत नाहीत. जुनंच वाक्य म्हणायचं."

"मग इथे काय केलंत?"

"सही घ्यायच्या आधी गाडीत बसले," ती म्हणाली. "माझ्या वहीच्या नियमानंसुद्धा ते चूक आहे."

चष्मेवाला समोरच्या बाकावर बसला होता. त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. चष्मेवाल्यानं असं शर्टानं पुसावं! न्यायाधीश बाईंनी त्याला विचारलं, "फोनवर तुम्ही हो म्हणाला होतात?"

त्याच्या भावानं त्याला कोपर मारलं. मी पाहिलं.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, ती परत येणार नाही. मला पोर हिसकावायची नाही, बाई. माझे दोन दिवस गेले, ते मला हवेत."

निकाल तासाभरानं आला. ताबा आईकडेच. आईला लेखी समज. पुढचं एक वर्ष, वडिलांची संमती असली तरी, न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलीला राज्याबाहेर न्यायचं नाही. वडिलांचे बुडालेले दोन दिवस आठवड्याच्या आत भरून द्यायचे.

"आजच," चष्मेवाला म्हणाला.

पुटपुटच्या चेहऱ्यावरचा नुकता आलेला रंग गेला. भावाची मोटार दाराशी उभी होती, भाऊ तिच्यात बसून खिडकीवर बोटं वाजवत होता. तिनं मोटारीकडे पाहिलं, मग मुलीकडे. मी तिचा दंड धरला आणि कानात म्हणाले, "आठवड्याच्या आत म्हटलंय. शनिवारी दे. आज नको." तिनं माझा हात सोडवला.

"गुरुवारी संध्याकाळी सहाला," ती त्याला म्हणाली. "खोकल्याचं औषध बाहेरच्या कप्प्यात आहे. दोनदा."

गुरुवारी मी पाच वाजल्यापासून तिच्या खोलीत बसले होते. सहा वाजले. सव्वासहा. तिनं एकदा फोन लावला, लागला नाही. साडेसहाला मी म्हणाले, "लाव ठाण्यात. तुझ्या बाबतीत त्यानं किती वेळ थांबून लावला होता?"

"तेच आठवतेय मी," ती म्हणाली. "त्या कुलपापुढे किती वेळ उभा राहिला असेल?"

"अगं, पण तुझ्याकडे आता हुकूम आहे!"

"त्याच्याकडेही होता. बसा, सासूबाई."

मी बसले. ती बसली नाही. खिडकी, दार, खिडकी. मी चार हजार वेळा रंगमंचावर वाट बघितली असेल, पण वाट बघणं म्हणजे काय ते त्या दिवशी बघितलं. फोन टेबलावर होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

पावणेसातला जिन्यावर पावलं वाजली, दोन जड, चार उड्यांची. भिंगरी धापा टाकत आत घुसली. "आई, बस बंद पडली! आम्ही ढकलली! मी पण ढकलली!"

तो दारातच उभा राहिला. शर्टाला काळं लागलं होतं. "भावाला म्हटलं, तुझी मोटार नको. म्हणून बसनं आलो," तो म्हणाला. "फोनची बॅटरी गेली. तू... कुणाला फोन केलास?"

"नाही."

त्यानं मान हलवली. औषधाची बाटली खिशातून काढून तिच्या हातात दिली.

"परवा पहिला शनिवार," तो म्हणाला.

"माहीत आहे. नऊला ये. आठला नको, ती उठत नाही."

तो जिना उतरला. शेवटची पायरी वाजेपर्यंत ती दारात उभी होती. मग दार लावलं आणि पोरीचे काळे हात धुवायला तिला मोरीकडे नेलं. मी माझी पर्स उचलली. बाहेर पडताना ऐकलं, भिंगरी विचारत होती, "तू रडतेस कशाला? आम्ही बस सुरू केली ना!"